दोन्ही कान दिसले पाहिजेत

निवृत्त झाल्यावर कार्डकाकांनी रानातल्या जनावरांचे फोटो काढायचं ठरवलं, त्यामागचं कारण अगदी साधं होतं: जनावर परत येऊन भांडत नाही.

कार्डकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण त्यांची सगळी नोकरी ओळखपत्रांच्या कचेरीत, फोटोच्या खोलीत गेली. त्यामुळे गावात दुसऱ्या नावाने त्यांना कोणी हाक मारलीच नाही. एक स्टूल, मागे करडा पडदा, समोर स्टँडवर सरकारी कॅमेरा. माणूस स्टुलावर टेकला की काका सुरू व्हायचे, "सरळ बघा. हसू नका. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हलू नका." मग खट्ट. आणि खट्ट झाल्या झाल्या दाराकडे बघून खणखणीत आवाजात, "पुढचा!" पहिला अजून श्वास रोखून बसलेला असायचा, तोवर दुसरा त्याच्या मांडीवर बसायच्या बेतात. बाहेर मारुतीच्या शेपटाएवढी रांग, करणार काय?

अर्ध्या गावाचे चेहरे काकांच्या हातून गेले आणि त्यातला एकही कोणाला आवडला नाही. नवी नवरी कार्डावर पोलिसांना हवी असल्यासारखी दिसे, आणि तिचा नवरा आधीच सापडल्यासारखा. बाजारात ओळखीचे लोकसुद्धा काकांना अडवून विचारत, "काय हो, माझ्यावर काही राग होता का?" काका हसून म्हणत, "नियम आहे बाबा." हसत खरे, पण मनाला लागायचं. माणूस जन्मभर एकच काम करतो आणि त्या कामाला एकदाही कोणी 'वा' म्हणत नाही, हे काही बरं नाही. सुताराला म्हणतात, आचाऱ्याला म्हणतात. अहो, न्हाव्यालासुद्धा म्हणतात, आणि तेही आरशात बघून!

म्हणून लेकीने फोनवर "बाबा, आता दिवसभर काय करणार?" असं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "एक फोटो काढणार. लोक आपणहून बघत उभे राहतील आणि 'वा' म्हणतील असा एक. मग डोळे मिटले तरी चालेल."

"डोळे मिटलेला चालत नाही तुम्हाला," लेक म्हणाली. "माझा मिटलेला आला होता तर कचेरीत दुसऱ्यांदा बसवलं होतंत." पण पोरगी बापाची. पुढच्याच महिन्यात तिने नवा कॅमेरा धाडून दिला.

खोक्यातून आधी कॅमेरा निघाला, मग भिंग निघालं, आणि ते निघतच राहिलं. काकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"ही तोफ कुणावर चालवणार?"

"अगं, लांबचं जवळ दिसतं यातून."

"मग जवळचं कशातून बघणार?" असं म्हणून काकू आत गेल्या. 

गावात दातांच्या एका डॉक्टरांनी रानवेड्या लोकांचं मंडळ काढलं होतं. रविवारी पहाटे ही मंडळी तळ्यावर जात, मातकट कपडे घालून गवतात पालथी पडत. काकाही जाऊन पडले. डॉक्टरांनी कानात समजावलं, "जनावराला आपण आहोत हे कळताच कामा नये. श्वास हळू. हालचाल नाही. बोलणं तर नाहीच नाही."

काठावर एक बगळा ध्यान लावून उभा होता. सगळ्यांची बोटं बटणावर. बगळ्याने मान वळवली. काका मनातल्या मनात 'हलू नका' म्हणाले आणि खट्ट केलं. इथवर सगळं ठीक झालं. पण हात जन्मभराच्या सवयीने चालला होता, तर तोंड का मागे राहील?

"पुढचा!"

बगळा उडाला. बगळ्यामागे बदकं, बदकांमागे झाडावरचे पोपट, आणि पलीकडे कपडे धुणारी एक बाईसुद्धा बादली टाकून पळाली. तळं असं रिकामं झालं की बेडूकसुद्धा शिल्लक राहिला नाही.

"कोण ओरडलं?" डॉक्टर गवतातून उठून गरजले.

काकांना वाटलं, धरणी दुभंगावी. पुढच्या रविवारी काकांनी तोंडाला रुमाल बांधला, तर रुमालातून ऐकू गेलं. त्याच्या पुढच्या रविवारी मंडळींनी काकांना सोडून दुसऱ्याच काठाला जायचं ठरवलं.

शेवटी डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात बोलावलं. "काका, पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. प्रत्येकाचा एक फोटो लागणार. तुम्हीही एक आणा. पण मंडळाबरोबर नको, एकट्याने काढा. नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू." काका घरी आले आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. या वयाला पुढच्या वर्षाची भाषा बरी वाटत नाही.

काकूंनी ताट वाढलं, ते तसंच राहिलं. मग मात्र काकूंचा धीर सुटला.

"पुरे झालं सुतक! बंद पडलेल्या वीटभट्टीत कोल्हीण व्यालीय. सगळा भाजीबाजार बोलतोय. उद्या पहाटे जाऊ."

"जाऊ म्हणजे? तू कशाला?"

"कॅमेरा तुम्ही सांभाळा, तुमचं तोंड मी सांभाळते. इतकी वर्षं दुसरं काय केलं?"

लपून बसायला आडोसा हवा होता, म्हणून काकांनी निजायच्या खोलीचा विटकरी पडदा काढला. (नवा होता. काकू यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, तेव्हाच काकांनी ओळखलं की ही मनापासून आपल्या बाजूने आहे.) आणि तोंडासाठी काकूंनी लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. तोंडात गोळी असली की माणूस ओरडत नाही, हा प्रयोग लहानपणी लेकीवर यशस्वी झाला होता.

काकांवर झाला नाही. पहिल्याच पहाटे कोल्हिणीने भट्टीच्या तोंडातून नाक बाहेर काढलं, काकांनी खट्ट केलं, आणि "उडचा!" असा आवाज होऊन गोळी बंदुकीतून सुटावी तशी सुटली ती थेट कोल्हिणीच्या नाकासमोर पडली. कोल्हीण आत पळाली. फोटोत नुसतं एक शेपूट आलं होतं आणि हवेत एक पिवळा ठिपका.

"सूर्य म्हणून खपेल का?" काकांनी विचारलं.

"गप्प बसा."

मग रोजच जाणं सुरू झालं. कोल्हीण काही रोज दर्शन द्यायला बांधलेली नव्हती. पडद्याआड दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसत. थर्मासच्या एकाच झाकणातून आळीपाळीने चहा पीत. घरात कोणाला तरी उठवायचंय, डबा भरायचाय, बस गाठायचीय, या धांदलीत इतकी वर्षं गेली, पण काही न करता असं शेजारी बसणं कधी झालंच नव्हतं. काकांना ते फार बरं वाटत होतं, आणि हे आपण कोणाला सांगू नये असंही वाटत होतं.

"आठवतंय?" एका पहाटे काकू कुजबुजल्या. "पहिल्यांदा तुमच्यासमोर स्टुलावर बसले, तेव्हा मी मुद्दाम आईचे कानातले मागून घालून आले होते."

"म्हणून तर म्हटलं, दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"चला! सगळ्यांनाच म्हणत होतात. आणि कार्ड हातात आलं तर त्यावर मी कसली, माझी आत्याच बसलेली."

"भांडायला आलीस. काय भांडलीस! आमचे साहेब टेबल सोडून बाहेर आले होते."

"आणि तुम्ही म्हणालात, नवा फोटो काढता येणार नाही, तसा नियम नाही. पण चहा घेता का?"

"चहाबद्दल नियम नव्हता," काका म्हणाले.

काकू तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पडदा हलायला लागला. काकांना एकदम भरून आलं. कॅमेऱ्याचं भिंग पुसायचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले.

आणि नेमकी तेव्हाच कोल्हीण बाहेर आली. एकटी नाही, मागून पिल्लं! ऊन नुकतंच भट्टीच्या करड्या भिंतीवर आलं होतं. कोल्हीण भिंतीला पाठ लावून बसली, आणि पिल्लांनी जो धुडगूस घातला तो काय सांगावा. एक आईच्या शेपटावर, एक दुसऱ्याच्या अंगावर, एकाने कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून अंग खाजवायला घेतलेलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं. यांचे चेहरे एकत्र मिळणार कधी?

काकूंना राहवलं नाही. लेकीच्या बारशापासून प्रत्येक कार्यात जे ऐकत आल्या होत्या, तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"अरे, सरळ बघा की! हलू नका!"

सगळं कुटुंब एका झटक्यात वळलं. माना ताठ, कान टवकारलेले, नजर थेट भिंगात. काकांच्या हाताने खट्ट केलं. त्यांचं तोंड उघडणार, तोच काकूंचा पंजा त्यावर बसला आणि सगळी कोल्हेमंडळी आत जाईपर्यंत तिथून हलला नाही. काका गुदमरले, पण फोटो मिळाला.

डॉक्टरांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. कोल्हीण मधोमध, पिल्लं दोन्ही बाजूंना, मागे करडी भिंत, प्रत्येकाचे दोन्ही कान स्वच्छ. कोणीही हसत नव्हतं.

"जनावरं अशी बसत नाहीत हो," डॉक्टर म्हणाले.

"सांगावं लागतं," काका म्हणाले.

"एखाद्याचा दात दिसला असता तर बरं झालं असतं. पण लावू या."

प्रदर्शनात बाकीच्या चित्रांसमोरून लोक चालत जात होते आणि या फोटोसमोर येऊन थबकत होते. लहान पोरं त्या पिल्लांसारखी मान ताठ करून उभी राहत. म्हातारी माणसं चष्मा वर-खाली करून बघत. काका इस्त्रीचा सदरा घालून खांबाआड उभे होते, आणि त्यांचं काळीज लहान मुलासारखं उड्या मारत होतं. गर्दीतून एक बाई पुढे आल्या, फोटोकडे बघतच राहिल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "वा! काय रुबाब आहे त्या आईचा! कोणी काढलाय हो?"

जन्मातला पहिला 'वा'! काकांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. केसांवरून हात फिरवून ते खांबाआडून बाहेर आले. "मी काढलाय."

बाईंनी हात जोडायला उचलले आणि ते अर्ध्यावरच थांबले. त्या काकांकडे निरखून बघायला लागल्या.

"तुम्ही? कार्डाच्या कचेरीतले?"

"हो, म्हणजे... होतो."

बाईंनी पर्स उघडली, कार्ड काढलं आणि काकांच्या नाकासमोर धरलं. "रानातल्या कोल्हिणीला तुम्ही राणीसारखं बसवलंत. मग मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

मग मागून एक हात खिशात गेला, मग दुसरा, मग सगळेच.

"माझं बघा! माझा फोटो बघून बँकेने मला परत पाठवलं होतं."

"माझ्या सुनेने माहेरी जायची धमकी दिली होती!"

"कॅमेरा आणलाय ना? मग इथेच काढून द्या बरं परत!"

बघता बघता बाईंच्या मागे दारापर्यंत रांग लागली. कोल्हिणीकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं. काकांना घाम फुटला. त्यांनी केविलवाण्या नजरेने काकूंकडे पाहिलं.

"अगं, तू तरी सांग ना यांना काहीतरी!"

काकू शांतपणे गर्दीतून वाट काढत आल्या आणि रांगेच्या अगदी पुढे, त्या बाईंच्याही पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, जरा मागे सरका. माझी तक्रार तुम्हा सगळ्यांच्या आधीची आहे. तिच्यापायी मी या माणसाशी लग्न केलं, तरी अजून निकाल लागलेला नाही."