तारेतला एक शब्द

इंग्रजीत आपला हात धरणारा अख्ख्या दौंड स्टेशनात कोणी नाही, असं रेल्वेतल्या खलाशी मच्छिंद्रचं ठाम मत होतं. गाडीच्या डब्यांवर लिहिलेलं सगळं तो मोठ्यानं वाचायचा!

पण सध्या ऐकायला घरात कोणी नव्हतं. बायको शेवंता पाहुण्यांसमोर म्हणाली, "यांचं घोरणं ऐकून मालगाडी सिग्नलला थांबती!" त्यावर मच्छिंद्रनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि केंदूर गाठलं, माहेर.

पंधरा दिवस झाले. घर खायला उठलं. राग तर कधीच विरघळला होता! ते कळवायचं, आणि कळवायचं तर झोकात. त्यानं शब्दकोश मागून आणला. विरघळणे : डिझॉल्व्ह. लगेच तार ठोकली, "ऑल डिझॉल्व्ह्ड. कम सून."

केंदुरात तार म्हटल्यावरच शेवंताच्या आईनं, साळूबाईनं, हंबरडा फोडला. तार वाचायला बोलावलेल्या रखमाजी गुरुजींनी जाडजूड कोश उघडला, चष्मा पुसला आणि नेमकं तिसऱ्या अर्थावर बोट ठेवलं.

"डिझॉल्व्ह म्हंजी... विवाह रद्द करणे."

"आन् कम सून?" साळूबाईनं विचारलं.

"लवकर या."

"काडीमोड देतो आन् वर बोलावतो व्हय!" शेवंताचे वडील हौसराव कडाडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्रच्या दारात हौसराव, साळूबाई, कोशासकट गुरुजी आणि रडून डोळे सुजलेली शेवंता!

"अरे वा, समदीच आली!" मच्छिंद्र हरखला.

"लाज न्हाई वाटत?" हौसरावांनी काठी आपटली. "माझ्या लेकीचं चुकलं काय?"

"मामा, राग विरघळला म्हून तर कळवलं!"

गुरुजींनी घाईघाईनं पान काढलं. "पहिला अर्थ... विरघळणे. हाय की!" त्यांचा आवाज बारीक झाला. "मूळ शब्द लॅटिन. सैल करणे, सोडणे."

"काय सोडणे?" शेवंतानं विचारलं. "बायको?"

"गाठ," मच्छिंद्र पुटपुटला. "मनातली."

हौसरावांनी काठी हळूच भिंतीला टेकवली.

"मग मराठीत का न्हाई लिहिलं?" शेवंतानं विचारलं.

"तारमास्तर वळखीचा. मराठीत लिहायची लाज वाटली."

"इथं कुठं तारमास्तर हाय? म्हणा की आता."

मच्छिंद्रनं सासऱ्यांकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं. दोनदा घसा खाकरला. कान लालबुंद झाले.

"च्या... च्या टाकू का समद्यास्नी?"

शेवंता पदराआड हसली. "ठेवा आधण," ती म्हणाली. "बाकीचं कळलं मला."