निरोगी कुत्र्यांच्या नाकातील जंतू

आरोग्य ही इतकी गंभीर बाब आहे की ती कुत्र्यांच्या भरवशावर सोडून चालत नाही. म्हणून १९७४ साली कोल्हापुरातल्या जनावरांच्या एका दवाखान्यात डॉ. नृसिंह कुंभोजकरांनी वीस निरोगी आणि वीस खरुजलेल्या कुत्र्यांच्या नाकांत कापसाची काडी फिरवायचे ठरवले. (तीन निरोगी कुत्र्यांनी डॉक्टरांना चावून संशोधनातून अंग काढून घेतले.)

खरुजलेल्या विसांपैकी अठरांत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू सापडले; द्राक्षांच्या घडासारखे, दिसायला सुरेख. उरलेल्या सतरा निरोगी कुत्र्यांतही सापडले. सगळ्या सतरांत. एखाद्या अडाण्याने यावरून जंतू बिचारे नाकात नुसतेच राहतात, असे म्हटले असते. वरिष्ठ कार्यालयाने सतरांना आजारी ठरवून कसबा बावड्याच्या शेडमध्ये कोंडले, आणि जंतू न सापडलेल्या दोन खरुजलेल्यांना आरोग्याचा दाखला देऊन घरी पाठवले. (ते दाखला तोंडात धरून खाजवत गेले.)

कोंडलेल्यांत मंगळवार पेठेतल्या तानाबाईंचा सुभेदार नावाचा कुत्रा होता. तानाबाई एकट्या राहत. दिवसभरात त्यांचे बोलणे ऐकून घेणारा तेवढाच एक. चौथ्या दिवशी त्याने भाकरीकडे पाठ फिरवली. ‘अन्नावरील वासना उडाली. रोग सिद्ध,’ अशी नोंद झाली.

“सायेब, त्यो आजारी न्हाय, रुसलाय,” तानाबाई जाळी धरून म्हणाल्या. “मला सोडून कदी ऱ्हायलाच न्हाय त्यो. आन् नाकातल्या किड्यांचंच म्हणत असशीला, तर तुमचं नाक बघितलं का कुणी?”

डॉक्टर प्रामाणिक होते, हा त्यांच्या नोकरीतला एकमेव दोष. त्यांनी तिथेच काडी स्वतःच्या नाकात घातली. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली तेच घड दिसले. त्यांनी स्वतःविरुद्ध हुकूम टाइप करून घेतला, सही केली आणि शेडमध्ये जाऊन बसले. तानाबाई दोघांच्या भाकऱ्या आणू लागल्या. डॉक्टरांना जेवताना पाहून सुभेदारही खाऊ लागला.

आता सगळ्यांना सोडायचे, तर सुटकेच्या कागदावर जंतू नसलेल्या कर्मचाऱ्याची सही लागे. दवाखान्यातली अकरा नाके तपासली. अकरा जण आत आले. बाहेर उरला शिपाई मौलाली. “माज्या नाकाला हात लावायचा न्हाय,” असे त्याने सगळ्यांना बजावले होते. त्यामुळे दप्तरी तोच एक निरोगी. त्याने सही ठोकली, कडी काढली. सुभेदाराने तानाबाईंना आडवेच पाडले. त्या रडत रडत त्याला शिव्या घालत राहिल्या.

वाचकांनी घाबरू नये. त्यांची नाके अद्याप तपासलेली नाहीत. फक्त वाचता वाचता आपले बोट जिथे गेले आहे, तिथून ते बाहेर काढावे, आणि त्याच बोटाने पान उलटू नये.