बांधाचं भोक आणि तीन सॉफ्टवेअर

एका जंगलात, मुलांनो, मान हलल्याशिवाय पानही हलत नसे. मान अर्थात मोठ्यांची. आधी कासव आबांनी होकाराची मान हलवायची, ती बघून गवा तात्यांनी, ती बघून अस्वल अण्णांनी. मगच काम सुरू.

आबांची मान बहुतेक वेळ पाठीच्या आतच असायची. ती बाहेर येईपर्यंत तात्या चरायला निघून जात. तात्या परतेपर्यंत अण्णांना झोप लागे. याला त्या जंगलात शिस्त म्हणत.

एकदा तळ्याच्या बांधाला जांभळाएवढं भोक पडलं. तळ्यात रेवा नावाची पाणमांजर राहायची. तिची पिल्लं अजून धड पोहायलाही शिकली नव्हती. पाणी गेलं तर मासे जाणार, घर जाणार. भोक चिखलाने बुजवू का, असं विचारायला ती गेली.

मोठ्यांनाही पटलं की आपल्याकडे जरा उशीर होतो. म्हणून त्यांनी ठरवलं, सॉफ्टवेअर घ्यायचं. होकार आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे नेणारं. मोठमोठ्या जंगलांत म्हणे हल्ली तेच असतं. पण घाई नको. आधी तुलना करू.

कोल्ह्याचं सॉफ्टवेअर तिघांनाही एकदमच विचारायचं. तात्यांनी नाक फेंदारलं. आबा आणि अण्णा एकाच वेळी मान हलवणार असतील, तर वयाला अर्थ काय उरला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तरसाचं सॉफ्टवेअर सूर्यास्तापर्यंत वाट बघायचं आणि उत्तर आलं नाही तर होकार धरायचं. यावर अण्णा दुखावले. आपण झोपलेले असताना काम झालं, तर आपण उठायचंच कशाला?

सरडा म्हणाला, "माझ्या सॉफ्टवेअरमध्ये किरकोळ कामांना कुणालाच विचारावं लागत नाही."

त्याला पाणी पाजून वाटेला लावलं.

इकडे भोक नारळाएवढं झालं. रेवा पुन्हा आली. तात्यांनी तिला समजावलं की तुलना चालू असताना जुन्या पद्धतीने होकार देणं हा नव्या पद्धतीचा अपमान होईल. रेवा परत गेली आणि तिने भरदुपारी एकटीने भोक बुजवून टाकलं.

शेवटी कोल्ह्याचंच सॉफ्टवेअर घेतलं, पण बदलून. आता ते आधी आबांना विचारणार, मग तात्यांना, मग अण्णांना. म्हणजे पहिल्यासारखंच, फक्त मधे घंटी वाजणार.

उद्घाटन तळ्यावर ठेवलं. तळं भरलेलं, बांध कोरडा. रेवाच्या हाताला चिखल.

"कुणाला विचारून?" तात्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"थोडी वाट बघता आली नाही?"

"तात्या, पाण्यानं बघितली असती तर मीही बघितली असती."

पिल्लं खुदकन हसली. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही. बराच खल झाला. होकाराशिवाय झालेलं काम हे झालेलं कामच नव्हे, असं ठरलं. तेव्हा भोक आधी मोकळं करावं आणि मग रीतसर बुजवावं.

मोकळं करायचा अर्ज सॉफ्टवेअरमध्ये गेला. तिघेही समोरच बसलेले. तीन घंट्या वाजल्या, तीन माना हलल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत होकार मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी स्वतःच्या शिंगाने चिखल उकरला.

लगेच बुजवायचा अर्ज गेला. पण टाळ्यांच्या आवाजाने आबांची मान आत गेली होती. घंटी वाजत राहिली. पाणीही जात राहिलं.

रेवाने पिल्लांना एकेक करून मानगुटीला धरून पलीकडच्या ओढ्यावर नेलं. जाताना कुणाला विचारलं नाही. तळ्याचा तळ दिसू लागला तेव्हा अण्णा म्हणाले, "आजकालच्या मुलींना धीर म्हणून नाही."

तात्पर्य: सॉफ्टवेअर निवडताना मोठ्यांचा मान आधी बघावा. तळं काय, पुन्हा भरतं. पण मोठ्यांचा मान एकदा गळायला लागला, की भोक कुठे आहे तेच सापडत नाही.