टोचून बघा

लग्न होऊन मी दिंडोरीहून नाशकात आले, पंचवटीतल्या ओळीच्या खोल्यांत बिऱ्हाड मांडलं, आणि पहिल्याच दिवशी शेजारीण आली ती हातात सुई घेऊन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सुई माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “टोच.”

मी म्हटलं, “काय?”

“अगं, टोच म्हणते ना! या बोटाला टोच, नाहीतर त्या. तुझ्या मर्जीनं.”

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. पेरं टम्म फुगलेली, आणि सगळी बोटं करंगळीकडे कलंडलेली. वर पाहिलं तर डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, कडांना खपल्या आणि तिथले केस म्हणाल तर औषधालासुद्धा नाहीत. मी मागे सरले. हे तिला अपेक्षितच असावं. तिनं स्वतःच सुई घेतली, एका तळव्यात कशीबशी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात खुपसली. “आई गं!” करून ओरडली आणि लगेच खुशीत आली.

“पाहिलंस? दुखलं! ज्यांना ते असतं ना, त्यांना दुखत नाही. मला दुखतं. तेव्हा तुला काही लागायचं नाही. आता वाटीभर साखर दे.”

या मथूमावशी.

‘ते’ म्हणजे महारोग. मावशींनी तो शब्द जन्मात तोंडावाटे काढला नाही. बाकीच्या बायका काढायच्या, पण आवाज खाली आणून, आणि ‘रक्तपिती’ म्हणून. मावशींना झाला होता संधिवात. सांधे धरणारा, बोटं वाकडी करणारा, हाडात घर करून बसणारा. त्याच्याच जोडीनं पापण्या धरल्या होत्या. नाशकातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की बाई, हे बरं होणार नाही, पण सांभाळलंत तर निभेल, आणि हे कुणाला लागतही नाही. मग त्यांनी बोटाला टाचणी टोचून दाखवली होती. झालं! मावशींनी बाकीचं सगळं ऐकून सोडून दिलं आणि टाचणी तेवढी लक्षात ठेवली. तेव्हापासून पदराला सुई.

नवी मोलकरीण आली, टोच. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, ओळख झाली, टोच. भाजीबाजारात तर रोजचा तमाशा. मावशींनी मेथीला हात लावला रे लावला की भाजीवाली ओरडायची, “बाई, हात नको लावू, सांगशील ती देते!” मावशींची सुई निघालीच. ती बिचारी हात जोडायची. “नाय बाई, मला नाय टोचायचं. ही लय चांगली जुडी हाय, घे अन् जा.” अशानं मावशींना भाजी मात्र नेहमी ताजी मिळायची. हसायचंच झालं तर हसा. मी हसायचे, आणि मग घरी येऊन माझं मलाच कसंतरी व्हायचं.

गंगेवर खरे महारोगी बसायचे, भिंतीला धरून. त्यांच्याकडे मावशी दर सोमवारी भाकऱ्या घेऊन जायच्या आणि जवळ बसून बोलायच्या. मला राग यायचा. आधीच लोक नाही नाही ते बोलतात, वर या तिथं जाऊन बसतात! एकदा मी स्पष्टच विचारलं. मावशी म्हणाल्या, “त्यांना दुखत नाही गं इंदे, आणि मला तर रात्रंदिवस दुखतं. देवानं वाटणीच चुकवली. जरा इकडचं तिकडे करता आलं असतं तर दोघांचंही भागलं असतं.”

त्यांची सकाळ हा एक सोहळाच होता. रात्रभरात पापण्यांच्या कडांना चिकटा धरायचा आणि डोळे मिटलेले राहायचे. पापण्यांना मावशी विहिणी म्हणायच्या. “बसल्या वरची-खालची गच्च धरून.” आणि बोटं म्हणजे जावई. “आज धाकटे जावई फारच फुगलेत. मानपान कमी पडला वाटतं.” अंथरुणात बसूनच असा सगळ्या सोयऱ्यांचा उद्धार चालायचा, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा.

“अगं, डोळे उघडायला गरम पाण्याचा बोळा हवा,” त्या मला समजावून सांगायच्या. “बोळा पिळायला बोटं हवीत. बोटं वळायला गरम पाणी हवं. पाण्याला चूल हवी. आणि चूल पेटवायला डोळे हवेत! आता सांग, सुरुवात कुठून करू?”

सुरुवात पूर्वी तात्या करायचे, म्हणजे मावशींचे यजमान. एका वकिलाकडे कारकून होते. स्वभावानं अगदी गरीब माणूस, पण चूल पेटवायला बसले की असा धूर करायचे की मावशींचे डोळे आणखी सुजायचे. मग कुसुम मोठी झाली आणि तिनं सगळं हातात घेतलं. कुसुम म्हणजे यांची एकुलती एक मुलगी. पोर गुणाची. आधी आईचे हात गरम पाण्यात बुडवून ठेवायची. मग मऊ धोतराचा बोळा पिळून पापण्यांवर धरायची, निवला की दुसरा. खपल्या भिजून सुटल्या की त्रिफळ्याच्या पाण्यानं एकेक कड अलगद पुसायची आणि वर मलमाचं बोट फिरवायची. आईनं कितीही आरडाओरडा केला तरी तिचा हात घाईला यायचा नाही. नागा म्हणून नाही. एक दिवस जरी चुकला तरी पुढचे चार दिवस मावशींना उजेड सोसायचा नाही.

आणि याच कुसुमचं लग्न जमत नव्हतं.

रूप होतं, घराणं होतं, हुंड्यापायीही काही अडत नव्हतं. मुलगी बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलगी पसंत पडायची. मग मावशी बाहेर यायच्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. कुंकवाची चिमूट त्या बोटांत धरलीच जायची नाही, म्हणून चांदीच्या काडीनं लावायच्या. मुलाची आई ती काडी बघायची, मग बोटं बघायची, मग डोळे. कपाळ पुढे करायची, पण श्वास रोखून. आठवड्यानं निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही.

“पत्रिका तर आधीच जुळली होती,” तात्या म्हणायचे. दर वेळी हेच म्हणायचे, आणि कोट अडकवून कचेरीला जायचे.

असं होता होता कुसुमला विसावं लागलं. त्या काळी ते फारच झालं. ओळीतल्या बायकांची कुजबुज सुरू झाली. मग कळवणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, दिसायला बरा, आणि त्यानं कुसुमला कुणाच्याशा मुंजीत पाहून आपण होऊन विचारलेलं. आता फक्त मुलाची आई बघायला येणार होती. हे मोडलं तर दुसरं येणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

मी तोंडाची फटकळ. मी म्हटलं, “मावशी, या खेपेला विहीणबाईंच्या हातातच द्या सुई. म्हणावं टोचून बघा. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे!”

मावशी म्हणाल्या, “सुई शेजारणीला देता येते गं. शेजारीण फार तर साखर देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपण त्र्यंबकला चाललो. तिथल्या ओळखीच्या भटजींकडे राहणार आणि शिवाच्या अनुष्ठानाला बसणार. विचारलं कुणी तर सांगायचं, मुलीची आई अनुष्ठानाला बसलीय, मधेच उठता येत नाही. लग्न लागेपर्यंत असंच सांगायचं. कन्यादान दीर-जाऊ करतील.

“म्हणजे खोटं बोलायचं?” तात्यांनी विचारलं. अख्ख्या संसारात त्यांनी बायकोला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न.

“खोटं कशाला? खरंच बसणार आहे मी!”

कुसुमनं ऐकलं आणि आकांडतांडव केलं. आई मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही म्हणाली. मावशींना राग अनावर झाला. त्यांनी हात उगारला आणि पोरीच्या पाठीत मारला. पोरीला काही लागलं नसेल, पण मावशीच कळवळून खाली बसल्या. कुसुम उठली, पाणी गरम केलं आणि तो मारलेला हात मांडीवर घेऊन शेकत बसली. मी दारात उभी होते. मायलेकींचं भांडण तिथंच संपलं. जिनं रोज हे सगळं करायचं तिलाच मावशी घराबाहेर घालवायला निघाल्या होत्या. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी तसं म्हणालेही, तर म्हणाल्या, “बोळे पिळायला का जन्माला घातलीय तिला?” आणि गेल्या त्र्यंबकला.

कळवणच्या विहीणबाई आल्या. भारदस्त बाई, डोळ्यांत तेल घालून सगळीकडे बघणारी. “मुलीच्या आई दिसत नाहीत?” पहिलाच प्रश्न. मावशींच्या जाऊबाईंची दातखीळ बसली. मग मीच पुढे झाले. म्हटलं, त्र्यंबकला अनुष्ठानाला बसल्यात, उठता येत नाही. तिकडे मौनसुद्धा आहे, असं आणखी माझ्या पदरचं घातलं. मला त्याचं आजही काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर आणखी दोन-चार व्रतं घालीन.

विहीणबाईंनी हात जोडले. “केवढी पुण्यवान बाई! अशा माउलीची मुलगी सून म्हणून मिळायला भाग्य लागतं हो.”

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. आणि मग हसताहसताच माझे डोळे भरून आले.

वैशाखात लग्न लागलं. दीर-जावेनं कन्यादान केलं. तात्या मागं उभे होते, कोटाची गुंडी काढत होते आणि लावत होते. कुसुमनं मान वर केली नाही. लोक म्हणाले, मुलगी किती लाजाळू! निघताना विहीणबाईंनी माझ्या हातात एक जरीचं लुगडं ठेवलं. म्हणाल्या, “त्या पुण्यवान बाईंना एवढं पोचतं करा.”

दोन दिवसांनी मी सर्व्हिस मोटारीनं त्र्यंबकला गेले, लुगडं आणि लग्नाचे लाडू घेऊन. भटजींच्या घरामागं अंधारी खोली होती. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्या पावलांच्या आवाजानं मान वळली, पण डोळे उघडले नाहीत. पापण्यांवर खपल्यांचा थर साचला होता. भटजींच्या बायकोनं जेवणाचं केलं होतं, पण बोळा कोण पिळणार? मी मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या घातल्या आणि पाणी गरम करायला ठेवलं.

मी बोळा धरत होते आणि मावशी एकामागून एक विचारत होत्या. शालू नीट नेसवला का? मुंडावळ्या कुणी बांधल्या? पंगतीत काही कमी पडलं नाही ना? विहीणबाई रुसल्या नाहीत ना?

“निघताना रडली का गं?”

“रडली.”

“कुणाच्या गळ्यात पडून?”

“माझ्या.”

मावशींनी बोळ्याखालीच मान हलवली. मग म्हणाल्या, “बरं झालं. तुझे खांदे रुंद आहेत.”

खपल्या सुटल्या, डोळे थोडे किलकिले झाले. मी म्हटलं, “चला आता घरी. लग्न लागलंय, आता कोण काय करणार आहे? खरं काय ते सांगून टाकू.”

“इतक्यात नाही,” त्या म्हणाल्या. “पहिलं मूल होऊ दे. एकदा मांडीवर मूल आलं की पोरीला कुणी घराबाहेर काढत नाही.”

“अहो, पण पहिलं बाळंतपण माहेरीच होणार ना? तेव्हा काय कराल? पुन्हा अनुष्ठान?”

मी पाणी टाकायला बाहेर गेले. परत येते तो काय, मावशींनी ते जरीचं लुगडं उचलून घेतलं होतं. उजव्या कोपराच्या खोबणीत त्याची घडी ठेवली होती, डाव्या हाताचं मनगट खालून लावलं होतं, आणि हळूहळू डुलत होत्या. बोटं दोन्हीकडे मोकळी लोंबत होती.

“राहतंय गं,” मला बघून त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता. “बघ, पडत नाही. बोटं लागतच नाहीत.”

मी आपली फटकळच. म्हटलं, “एवढं हलकं नसतं हो मूल.” लाडवांचा डबा त्या लुगड्यात गुंडाळला, चांगलं जड गाठोडं केलं, आणि परत त्यांच्या कोपरात दिलं.