आक्का आणि बर्फाचा ट्रे

आमची आक्का बर्फ खायची. चोखायची नाही, चावून खायची, शेंगदाणे खावेत तसा. कडाम्, कुडुम्. वाशीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून तो आवाज खाली सेक्रेटरी देशमुखांच्या घरात जायचा. एकदा ते वर येऊन म्हणाले, "फरशी फोडताय का? सोसायटीला आधी अर्ज द्यावा लागतो."

आक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, हा विषय घरात कधी निघाला नाही आणि मीही काढला नाही. आमचा धाकटा झाला तेव्हा ती देवरुखाहून पंधरा दिवसांसाठी आली आणि राहिलीच. सुमन, माझी बायको, शाळेत शिकवायची. मी तुर्भ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात. घर आक्काच्या हातात. फ्रिज घ्यायला तिचा कडाडून विरोध होता. "शिळं ठेवायला एवढं मोठं कपाट कशाला?" पण फ्रिज आला आणि आठवड्याच्या आत बर्फाचा ट्रे तिने ताब्यात घेतला.

दिवसाला दोन ट्रे, थंडीतसुद्धा. "आक्का, उपासाला बर्फ चालतो का हो?" सुमनने एकदा विचारलं.

"पाणीच ते. जरा बसलंय, एवढंच."

आणि उपास तरी किती! सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. लाइट गेले की शेजारच्या बायका मेणबत्ती शोधायच्या. आक्का काळोखात फ्रिज उघडून ट्रे रिकामा करायची. "वाया जाईल ना," म्हणायची.

मला मात्र कुतूहल होतं. बर्फ खाणं वाईट का? ज्याला त्याला विचारत सुटलो. देशमुख म्हणाले, घसा जातो. देशमुखीणबाई म्हणाल्या, संधिवात होतो. मार्केटमधल्या दातांच्या डॉक्टरांकडे तर आक्कालाच घेऊन गेलो. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. "दाढेचा एक कोपरा उडालाय. बर्फ बंद करा."

"कोपराच ना? घर शाबूत आहे," आक्का म्हणाली आणि खुर्चीवरून उतरली. येताना तीन ठिकाणी थांबली. जिने चढताना दर मजल्यावर तिला कठडा धरावा लागायचा. नव्या मुंबईची हवा दमट, असं ती म्हणायची. मलाही ते पटायचं.

आमच्या कारखान्यात बुधवारी एक वयस्कर डॉक्टर यायचे. त्यांना मी गंमत म्हणून आक्काचं सांगितलं. ते हसले नाहीत.

"दातांना वाईट, हे खरंच. पण एवढा बर्फ खावासा का वाटतो? अंगात रक्त कमी असलं की पुष्कळांना असं होतं. दम लागतो का त्यांना?"

"जिन्यावर थोडा."

"जेवण कसं आहे?"

"व्यवस्थित," मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून इतक्या पटकन गेला, की तो खोटा आहे हे मलाच बस स्टॉपवर येईपर्यंत कळलं नाही. इतकी वर्षं ती माझ्या घरात रांधत होती, आणि मी तिला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं. आधी मी आणि मुलं बसायचो. सुमनलाही ती आमच्याबरोबर बसवायची. "तू नोकरी करतेस, बस. मी मागनं घेते."

घरी येऊन विचारायचं होतं. पण बहिणीला, "तू जेवतेस ना?" असं विचारायचं कसं? डॉक्टरांनी खरं काय विचारलं होतं, ते आजवर सुमनलाही सांगितलेलं नाही. बर्फाचा ट्रे काढून कपाटावर टाकला आणि जाहीर केलं, "डॉक्टरांनी बंद सांगितलाय." महिनाभर घर शांत होतं. मला ती शांतता बरी वाटली, हेही कबूल करतो.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, सुपारी शोधत स्वयंपाकघरात गेलो. आक्का भिंतीकडे तोंड करून पाटावर बसली होती. ताटात पातेल्याची खरवड, ताक आणि मीठ.

"भाजी?"

"संपली रे, बाबू."

"आणि काल?"

"काल वांगी होती. तू दोनदा मागून घेतलीस ना?" हे सांगताना तिचा चेहरा खुलला होता.

"मग जास्त का नाही करत?"

ती जरा गोंधळली. "चौघांच्या अंदाजानेच हात पडतो," म्हणाली.

आम्ही घरात पाच माणसं होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिचं रक्त तपासून आणलं. बुधवारी रिपोर्ट वाचून कारखान्याच्या डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी आणि कडधान्यं सांगितली.

पुढच्या रविवारी दुपारी मी आक्काला माझ्या शेजारी बसवलं. ती अवघडून, पदर सावरून बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. पळी मी घेतली. पालकाची पातळ भाजी तिच्या ताटात वाढू लागलो. एक पळी, दोन, तीन. आपल्याकडे समोरचा पुरे म्हणेपर्यंत वाढायचं असतं. भाजी पसरत भाताला लागली, ताटाच्या काठाशी आली. आक्का काही म्हणेना.

"अगं, पुरे तरी म्हण," मी म्हणालो.

"हो रे," ती म्हणाली, "ते माझ्या लक्षातच नाही आलं." आणि पळीकडे बघत राहिली.