सरासरीखालची ताटं

निकिताच्या नववीच्या वर्गानं बांधाकडेची ज्वारी मोजली आणि तिच्या आजोबांचं, किशनरावांचं, चित्त थाऱ्यावरून उडालं.

पेडगावच्या शिवारात त्यांची सगळी तूर. फक्त बांधाच्या कडेनं हुरड्यासाठी ज्वारीची एक ओळ, चाळीस ताटांची. रविवारी त्यांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे दिनकरराव गंगाखेडहून हुरडा खायला यायचे होते. गेल्या साली त्यांनी स्वतःच्या हुरड्याचं एवढं कौतुक ऐकवलं होतं, की यंदा त्यांचं तोंड हुरड्यानंच बंद करायचं, असं किशनरावांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शनिवारी सकाळी राजेश्री मॅडम वर्ग घेऊन आल्या. पोरांनी प्रत्येक ताटाला आकड्याची चिठ्ठी बांधली, टेप लावून उंची लिहिली, बेरीज केली, चाळीसनं भागलं.

"सरासरी एकशे नव्वद सेंटिमीटर," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस ताटं सरासरीच्या खाली."

"खाली?" किशनराव दचकले. "आमची?"

"अहो काका, काही वर, काही खाली, हे असायचंच."

असायचंच, हे काही किशनरावांना पटेना. दुपारी जेवून ते आखाड्यावर, शेतातल्या खोपटापुढं, बाजेवर पडले. पौषातलं मऊ ऊन, ताटांची सळसळ, डोळा कधी लागला कळलंच नाही. स्वप्नात दिनकरराव ओळीतून सावकाश फिरत होते आणि एकोणीस ताटं मान खाली घालून उभी होती. "इवाई," दिनकरराव अगदी मायेनं म्हणाले, "निम्मी तर सरासरीखालचीच की!"

किशनराव उठले ते अर्धवट झोपेतच. निकिताच्या वहीत बघून त्यांनी एकोणीस ताटं उपटली आणि बांधापलीकडं मेंढरं चारणाऱ्या मल्हारीच्या पुढ्यात टाकली.

"घाल मेंढरांला."

"आवं, हिरवीगार हायती की!"

"सरासरीखालची हायती."

सरकारनं काहीतरी नवं काढलं असेल, असं समजून मल्हारीनं मुकाट्यानं पेंढी बांधली.

किशनराव आखाड्यावरच थांबलेल्या निकिताजवळ येऊन बसले. "ती एकोणीस खोड. आता सरासरी काढ."

आबांना गणिताची गोडी लागली म्हणून पोरगी हरखून गेली. "दोनशे दोन!"

"मंग आता खाली एकबी न्हाई?"

"दहा हायत."

"आत्ता तर नव्हती!"

"सरासरी वर गेली ना, आबा."

किशनराव पुन्हा बांधावर गेले. दहा गेली, अकरा उरली. निकितानं बसल्या जागी नवी सरासरी काढली, तर पाच खाली. ती गेली, तर तीन खाली. ऊन कलायला लागलं होतं, पाखरं तुरीवर उतरत होती. स्वप्न कुठं संपलं आणि शिवार कुठं सुरू झालं, याचा पत्ता किशनरावांना नव्हता. आता एवढी गेली की सगळी वरच, एवढंच त्यांना दिसत होतं. मल्हारी दर खेपेला पेंढी उचलायचा आणि काळजीनं त्यांच्या तोंडाकडं बघायचा.

दिवेलागणीला निकिताची आजी, नर्मदाबाई, आल्या. "अवं, आपली ओळ कुठं गेली?"

एकच ताट वाऱ्यावर डुलत होतं.

"हे बग," किशनराव अभिमानानं म्हणाले, "ह्याच्या खाली आता कुणीबी न्हाई."

"वरबी न्हाई, आबा," वही मिटत निकिता म्हणाली. "ते आता बरोब्बर सरासरीएवढं हाय."

किशनरावांची झोप तेव्हा उतरली. उद्या इवायापुढं एक कणीस ठेवायचं!

रविवारी दिनकरराव आले. चहा झाला, पाणी झालं, पुन्हा चहा झाला. "हुरडा?" असं त्यांनी विचारायला आणि मल्हारीनं बांधावरून हाक मारायला एकच गाठ पडली. "या मालक, आगटी पेटवलीय! पावण्यांला बी आणा."

गरम हुरडा तळव्यावर पडला, दिनकररावांनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले. "इवाई, आमच्याकडं असा न्हाई मिळायचा. खोटं कामून बोलू? कुठला हो हा?"

"ह्यांचाच की," मल्हारी भाबडेपणानं म्हणाला. "काल म्हणले, मेंढरांला घाल. ताटं घातली, पण एवढी कोवळी कणसं कामून घालू? ठेवली बाजूला."

किशनरावांनी मान खाली घातली. दिनकररावांचा हात तसाच थांबला.

"मेंढरांला? असला हुरडा तुमी मेंढरांला घालता?" त्यांनी बांधावरच्या त्या एकट्या ताटाकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मंग ते घरच्यासाठी राखलेलं ताट कसं असंल हो, इवाई?"

निकितानं आजोबांकडं पाहिलं. किशनरावांनी ताटाकडं पाहिलं.

"काय न्हाई," ते नम्रपणानं म्हणाले, "आपलं सरासरीच हाय."