कडी लावू काय?

“मालक, कडी लावू काय?”

“लाव ना बे! फोनवर बोलून राह्यलो, दिसत नाई?”

कापसाच्या खोलीची कडी बाहेरून लागली. आत बाबा होते. ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या मला हे सगळं ऐकू आलं, पण वावगं वाटलं नाही. आमचा सालदार मारोतीभाऊ सगळंच विचारून करायचा. “जेवू काय?” “खोकलू काय?” बैल सोडताना बैलालासुद्धा, “सोडू काय, राजा?” एकदा त्याच्या पायावर विंचू चढला, तेव्हाही तो हलला नाही. “मालक, झटकू काय?” बाबा हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

सालदाराची बोली गुढीपाडव्याला होते. पुढच्या पाडव्यापर्यंत तो मालकाचा. मधेच निघून जाणं म्हणजे आमच्याकडे चोरीच. दिवाळीत मारोतीभाऊ जन्मात पहिल्यांदा न विचारता निघाला होता, राजूरला बहिणीकडे. मला म्हणाला होता, “तिच्या घरी इचारा लागत नाई, ताई. सरळ घुसा लागते.” बाबांनी त्याला दारव्ह्याच्या स्टँडवरून जीपमध्ये घालून परत आणलं. वाटेत त्यानं विचारलं म्हणे, “मालक, रडू काय?”

या किश्श्याला पाहुणे जास्त हसतात.

मला कुणी काही विचारलं की घरातलं दुसरंच कुणीतरी उत्तर देतं. ‘इंग्रजी शाळेनं मुकी केली पोरीले,’ असं आत्या म्हणते. मारोतीभाऊ मात्र “ताई, चहा ठेवू काय?” असं विचारून मी मान हलवेपर्यंत थांबायचा. कितीही वेळ.

खोलीच्या दारावर आतून धक्के बसू लागले.

“मारोत्या! कडी काढ! पोलिसात देतो तुले, थांब!”

प्रत्येक धक्क्याला कडी उडत होती. आई हळदीकुंकवाला गेलेली.

“मिनू! आहेस ना तिथं? कडी काढ आधी!”

बाबांनी हाक मारली की मी उठते. तशी उठले, दारापर्यंत गेले, कडीवर हातही ठेवला. मग फाटकाकडे पाहिलं.

फाटक सताड उघडं होतं. बाहेर दारव्ह्याची काळीपिवळी जीप हॉर्न देत होती. आणि मारोतीभाऊ पिशवी छातीशी धरून फाटकाच्या आतच उभा होता. जात का नाही हा माणूस? दार आता कोणत्याही क्षणी निघालं असतं.

“आत पान्याची गुंडी भरून ठेवली हाय मालकाले,” तो म्हणाला. “ताई... जाऊ काय?”

मी मान हलवली. पण त्याची नजर दारावरच खिळलेली. त्यानं पुन्हा विचारलं, “जाऊ काय?”

आतले धक्के थांबले. बाबा कान देऊन ऐकत होते.

मी कडीवरचा हात काढला.

“जा, भाऊ,” मी म्हणाले. “जा!”